लाकूड घातलं की सॅपची उकळी बसते, धुराडं मात्र लाल होतं

फोटो पाहिले. सिमेंटच्या ब्लॉकचं आर्च (म्हणजे रस आटवायची चूल), त्यावर हॉटेलात वापरतात तसे स्टीलचे तीन पॅन आणि मागे धुराडं. तुमची तक्रार अशी की ७०-८० लिटर सॅप, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस, आटवायला अख्खा दिवस गेला, हाती आलं दोन लिटरच्या आत सिरप, दर वेळी लाकूड घातलं की उकळी बसते आणि धुराडं तेवढं लालबुंद होतं. सिरप कमी आलेलं नाही हो, सॅपमध्ये साखरच २ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ४० लिटरला १ लिटर हाच हिशोब. तुमचा वेळ मात्र जास्त गेलाय. सपाट पॅनमध्ये चांगल्या जाळावर एका चौरस फुटातून तासाला साधारण एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी उडतं असा ठोकताळा आहे, तुमचे तिन्ही पॅन मिळून ५ चौरस फूट धरा, मग हेच काम चार-पाच तासांत व्हायला हवं होतं.

धुराडं लाल होतंय म्हणजे जाळ कमी नाही, तो पॅनखाली थांबतच नाहीये. तुमचं आर्च आतून पुढून मागपर्यंत एकसारखं खोल आहे, त्यामुळे ज्वाळा तळातून सरळ धुराड्याची वाट धरतात. फायरबॉक्स, म्हणजे लाकूड जळायची जागा, फक्त पुढच्या पॅनखाली ठेवा आणि त्याच्या मागे विटा-वाळू भरून चढ करत न्या, इतका वर की मागच्या पॅनच्या बुडाखाली दीड-दोन इंचच फट उरेल, मग ज्वाळेला बूड चाटतच पुढे जावं लागतं. फायरबॉक्सला आतून फायरब्रिक (उष्णता सोसणाऱ्या विटा) लावा, नुसते सिमेंटचे ब्लॉक या उष्णतेला तडकतात. पॅनच्या कडेखालच्या फटीही सिरॅमिकच्या दोरीने बंद करा, तिथून थंड हवा आत ओढली जाते. हे सगळं होईपर्यंत ब्लोअर (जाळाला हवा फुंकणारा पंखा) मागवू नका, आत्ता लावलात तर धुराडं अजून लाल होईल आणि लाकूड दुप्पट जाईल, बाकी काही नाही.

आता लाकूड. फोटोतले ओंडके घरातल्या स्टोव्हसाठी ठीक आहेत, इथे मनगटाएवढं जाड, फोडलेलं आणि निदान वर्षभर वाळलेलं लागतं. पाइन चालतं का विचारलंत, मस्त चालतं, ज्वाळ लांब देतं. रंगवलेलं किंवा केमिकल मारलेलं लाकूड मात्र अजिबात नको.

आणि मुख्य म्हणजे घालायची पद्धत. आपल्याकडे गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसलेला माणूस बघितला असेल तर आठवा, चिपाडं थोडी थोडी सतत सारत असतो, भारा एकदम कोंबत नाही. इथेही तसंच. फोनवर टायमर लावा, दर सात-आठ मिनिटांनी तीन-चार तुकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आडवेतिडवे, म्हणजे मधून हवा खेळते आणि एक बाजू कायम पेटलेली राहते. निखारे होईपर्यंत वाट बघितलीत तर उशीर झाला. तुकडे आधी हाताशी काढून ठेवा आणि मगच दार उघडा, कारण दार उघडं असेपर्यंत थंड हवा पॅनखाली घुसते आणि पुढच्या पॅनमधली खळखळ डोळ्यांदेखत चपटी होऊन कडेला नुसते बुडबुडे उरतात. जाळ कुठे आहे हेही उकळीच सांगते: मागचा पॅन जोरात आणि पुढचा थंड असेल तर ओढ जास्त आहे, धुराड्याचं डँपर (आतली झडप) थोडं बंद करा.

उकळी बसण्यात अर्धा हात गार सॅपचाही असणार, तुम्ही बादली थेट ओतताय. पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते, त्यामुळे उकळी मोडू न देणं महत्त्वाचं. मागच्या पॅनवर एक छोटा डबा ठेवा, बुडाला बारीक भोक पाडा, सॅप त्यात कोमट होऊन धारेने पडत राहील. पॅनमध्ये दीड इंच पातळी ठेवा. फेस वर आला तर लोण्याचा एवढासा थेंब पुरतो.

थांबताना घाई नको. लाकूड घालणं बंद केलं तरी निखारे बराच वेळ पॅन उकळत ठेवतात आणि तेवढ्यात पातळी उतरली की साखर करपते, पॅनही वाकडा होतो. म्हणून शेवटासाठी एक-दोन बादल्या सॅप राखून ठेवा. घट्ट होत आलेलं सिरप आधीच काढून गॅसवर पूर्ण करा, त्या दिवशी तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर ७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४ अंश सेल्सिअसला जरा कमी, गेलं की सिरप झालं. २१९ फॅरनहाइट (२१२ अधिक ७) हा आकडा पाठ करू नका, हवेचा दाब बदलला की तो आकडाही हलतो.

जाळीखालची राख दर वेळी पेटवायच्या आधी काढा, ती भरली की खालून हवाच येत नाही. काढलेली राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, शेडपासून लांब ठेवा, आतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात.