वाक्यं फिरवली, फाइल दिली, आता तोंडी परीक्षा

प्रिय ताई,
मी दुसऱ्या वर्षाला आहे. नोट्स तीन-तीनदा वाचते, तरी पेपर हातात आला की डोकं कोरं. या वेळी असाइनमेंटची मुदत संपत आली म्हणून मैत्रिणीची फाइल घेतली, वाक्यं फिरवली आणि देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात त्यावर तोंडी आहे. झोप उडालीय. काय करू?
— घाबरलेली

घाबरलेलीस,

तोंडीच्या आधीच सरांना गाठ. ‘असाइनमेंट बघून लिहिली आहे, पुन्हा लिहून देऊ का?’ एवढंच विचार. कारणांची माळ लावू नकोस. मार्क जातील, कदाचित सगळे. पण त्याआधी मैत्रिणीशी बोल, कारण बऱ्याच ठिकाणी फाइल देणाराही तितकाच दोषी धरतात.

आता डोकं कोरं का होतं ते. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवलं. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६. तुझा पेपर काही वाचल्यावर पाच मिनिटांनी नसतो!

म्हणून एक मुद्दा वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर लिही. अडलीस तरी लगेच डोकावू नकोस. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भर. दोन दिवसांनी तोच मुद्दा पुन्हा. पहिल्या वेळी जेमतेम अडीच ओळी येतील आणि राग येईल. येऊ दे.

असाइनमेंटही अशीच लिही. पान समोर उघडं असलं की वाक्यं त्याच वळणाने उतरतात. शब्द मागेपुढे केले तरी सांगाडा दुसऱ्याचाच. आणि विचार दुसऱ्याचा असेल तर तुझ्या शब्दांतही त्याचं नाव द्यायचं. पुस्तक, पान नंबर वाचतानाच टिपून ठेव, शेवटच्या रात्री ते सापडत नाहीत.

मैत्रिणीसोबत अभ्यास जरूर कर. एकमेकींना प्रश्न विचारा, भांडा, समजावून सांगा. लिहायला मात्र वेगळ्या बसा.

सरांना भेटून आलीस की त्याच संध्याकाळी या असाइनमेंटचा पहिला मुद्दा घे. ती पुन्हा लिहू देवोत न देवोत, तोंडीत तोच विचारतील.
— ताई