शार्त्रचा लॅबिरिंथ (फरशीवर आखलेली, केंद्राकडे नेणारी वळणावळणाची वाट) चालताना केंद्राजवळ येऊनही वाट पुन्हा लांब का जाते?

ती रचनाच तशी आहे. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या फरशीवरचा हा १३व्या शतकातला लॅबिरिंथ ११ वेढ्यांचा, सुमारे १३ मीटर रुंद. वाट मात्र २६० मीटरच्या आसपास. वाट एकच, फाटे नाहीत. आत शिरल्यावर थोड्याच वळणांत तुम्ही केंद्राला खेटून जाता, मग बाहेरच्या वेढ्यांकडे ढकलले जाता. साधनेत ‘पोहोचलो’ वाटण्याचा भ्रम इथे पायांना कळतो. माझ्या मते याचं खरं मर्म हेच.

एकच प्रश्न मनात धरा, सावकाश चाला, केंद्रात दोन-तीन मिनिटं थांबा. गडबड होते ती केंद्रातून त्याच वाटेने परतणाऱ्या समोरच्याला जागा देताना: शेजारच्या पट्टीत गेलेला माणूस तिथूनच पुढे निघतो आणि नकळत प्रवेशापाशी परततो. म्हणून एक पाय आपल्याच पट्टीत ठेवा. आणि जाण्याआधी लॅबिरिंथ त्या दिवशी मोकळा आहे का याची चौकशी करा, एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात.