विंडलासचा ब्रेक घट्ट लागतोय, तरी साखळी सरकते

विंडलासचा, म्हणजे नांगराची साखळी ओढणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राचा, ब्रेक पूर्ण आवळूनही ओहोटीच्या ओढीला साखळी कडी-कडीने सुटते आणि कंपनीचं ऑफिस म्हणतं, 'ब्रेकच्या चाकाला पाइप लावून आणखी आवळा', असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच उत्तर आमच्या जहाजालाही आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. हेल्मेट, गॉगल, साखळीच्या रेषेत उभं न राहणं हे तुम्हाला ठाऊक असणारच.

पाइप लावू नका. ब्रेकच्या पट्ट्याचं (बँडचं) आतलं अस्तर, म्हणजे लायनिंग, झिजलं की चाकाच्या स्क्रूचे, म्हणजे स्पिंडलचे, आटे संपतात. चाक अडतं, हाताला घट्ट लागतं, पण बँड विंडलासच्या फिरत्या ड्रमला धरतच नसतो. पाइपने स्पिंडल वाकेल, पकड वाढणार नाही. आटे किती उरलेत ते आधी बघा. मग लायनिंगची जाडी आणि ड्रमवर तेल-ग्रीस उतरलंय का ते. बँड कसा जुळवायचा ते मेकरच्या मॅन्युअलप्रमाणेच करा. मी डेकवरचा माणूस, इंजिनिअर नाही.

दुसरं, बो स्टॉपर (साखळी डेकवरच अडवून धरणारा अडसर) असेल तर भार त्यावरच घ्या. आयएसीएसच्या (जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) नियमात स्टॉपर असलेल्या जहाजाच्या ब्रेकने साखळीच्या तुटण्याच्या भाराच्या ४५ टक्के पेलले तरी चालतात, स्टॉपर नसेल तर ८० टक्के लागतात. म्हणजे रात्रभर जहाज ब्रेकवर टांगून ठेवणं मुळातच चूक, असं माझं ठाम मत आहे.

आमचा स्टॉपरचा बार वाकलेला होता. त्याची आणि लायनिंगची मागणी बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) दर महिन्याला लिहायचा, उत्तर एकच यायचं, 'ड्राय डॉकला बघू', म्हणजे जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं की. पावसाळ्याच्या तोंडावर लाटांच्या हिसक्याने ब्रेक सुटला आणि साखळी शेवटच्या कडीसकट समुद्रात गेली. माणसं वेळेत मागे पळाली म्हणून वाचली. ऑफिसचा पहिला प्रश्न काय, तर 'ब्रेकवर कोण होतं?' जबाब बोसनकडून घेतला. ज्याने महिनोन् महिने लिहून कळवलं, त्यालाच! अजून चीड येते.

म्हणून मागणी तोंडी ठेवू नका. आट्यांचे आणि लायनिंगचे फोटो तारखेसह कॅप्टनकडे लेखी द्या, प्रत स्वतःजवळ ठेवा. कंपनीच्या डीपीएचा (जहाजाच्या सुरक्षेसाठी किनाऱ्यावर नेमलेल्या माणसाचा) नंबर जहाजावर लावलेला असतो, तो अशाच वेळी वापरायचा.

साखळी धावायला लागलीच तर विंडलासचा गिअर घालून ती थांबवायचा प्रयत्न कुणी करू नये. हायड्रॉलिक मोटर भलत्या वेगाने फिरून फुटते, तुकडे अंगावर येतात. चाक सोडून मागे पळा.

जाता जाता, चेन लॉकरमध्ये (साखळी साठवायच्या बंद खोलीत) गाळ काढायला कुणाला तसंच उतरवू नका. गंज बंद जागेतला ऑक्सिजन खातो. आधी हवा खेळवा, मीटरने तपासा, परमिट घ्या.

स्पिंडलचा फोटो इथे टाका, आटे कितपत उरलेत ते बघून सांगतो. तोवर कॅप्टनला सांगून वॉचवर फोक्सलला (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर) एक माणूस ठेवा आणि इंजिन तयार राहू द्या.