वाचकांचे सवाल: रिकी हेंडरसनला नुसता चोर काहून म्हणता?

अमेरिकेतल्या ओकलंडचा बेसबॉलपटू रिकी हेंडरसन, बेस चोरण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला, २० डिसेंबर २०२४ ला न्यूमोनियानं गेला. पासष्ट वर्षांचा होता, जन्म नाताळचा, म्हणजे अजून पाच दिवस काढले असते तर सहासष्ट पुरे झाले असते. आपल्या नागपुरात बेसबॉलवर कोण लिहिणार असं वाटत होतं, पण शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले लोक इथं बरेच निघाले, आणि ज्यांची पोरं तिकडे कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत ते तर वेगळेच. सगळीच पत्रं छापणं शक्य नाही, त्यातली थोडी घेतली.

मी शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते. आमच्यात पिचरच्या हातून बॉल सुटेस्तोवर बेस सोडला की आउट देतात. मग रिकीनं १४०६ बेस चोरले कसे? — एक खेळाडू, मानेवाडा

ताई, बाकीच्यांसाठी आधी सांगतो, बेस चोरणं म्हणजे बॅटरनं बॉल मारायची वाट न पाहता, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बॉल टाकत असतानाच रनरनं पुढच्या बेसवर पळून जाणं. तुमच्या आणि त्याच्या खेळातला मोठा फरक तुम्हीच सांगून टाकला. बेसबॉलमध्ये पिचर बॉल हातात घेऊन उभा असतानाच रनर बेस सोडून पुढे सरकून उभा राहू शकतो, याला लीड म्हणतात, साधारण साडेतीन-चार मीटर. पण तिथं उभं राहणं म्हणजे जोखीमच, कारण पिचर कधीही वळून पहिल्या बेसवर बॉल फेकू शकतो आणि रनर परत पोचायच्या आत बॉल लावून टॅग झाला की गेला. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर असतात, बेसबॉलचे ९० फुटांवर, म्हणजे लीड घेऊनही २३-२४ मीटर पळायचं उरतेच.

आता हिशोब पाहा. पिचरनं हालचाल सुरू केल्यापासून बॉल बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात पडेस्तोवर साधारण १.३ सेकंद जातात. कॅचरनं बॉल पकडून दुसऱ्या बेसवर फेकायला साधारण २ सेकंद. झाले किती, ३.३. एवढ्यातच सगळा खेळ आटपायचा असतो, म्हणून नुसते पाय जोरात असून काही होत नाही, रिकीपेक्षा फास्ट पळणारे लोक लीगमध्ये येऊन गेले आणि त्यांच्या नावावर तीन-चारशेही नाहीत. रिकी पिचर वाचायचा. हा आता बॅटरकडे फेकणार की माझ्याकडे वळणार, हे त्याच्या टाचेवरून, खांद्यावरून, गुडघ्यावरून आधीच ओळखायचं आणि पहिलं पाऊल त्याच्याबरोबरच टाकायचं. ते पहिलं पाऊल अर्ध्या सेकंदानं उशिरा पडलं तर पुढचं सगळं पळणं फुकट.

शेवटी तो छातीवर घसरत जायचा, हात पुढे करून. बाकीचे उंचावरून धपकन पडायचे, हा आधी जमिनीजवळ वाकायचा आणि मग सरपटायचा. विमान अलगद उतरताना पाहून ही गोष्ट सुचली असं तो स्वतः सांगायचा.

आणि हो, तो सापडायचाही. १९८२ ला त्यानं १३० बेस चोरले, जुना बेस-चोर लू ब्रॉक याचा १९७४ चा ११८ चा एका सीझनचा रेकॉर्ड मोडला, पण त्याच सीझनला तो ४२ वेळा पकडला गेला, तोही रेकॉर्डच. एवढ्या वेळा आउट होऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचं, याला कलेजा लागतो राव.

१९८१ ते ८४ मी नोकरीनिमित्त ओकलंडजवळ होतो. बेसबॉलचं काही कळत नसे, पण ऑफिसातले दोस्त ओढून न्यायचे. हा रिकी पहिल्या बेसवर आला की आजूबाजूचे लोक खाणं-पिणं सोडून उभे राहायचे, आणि तिकडे बॅटिंग कोण करून राहिलं याकडे कोणाचं ध्यानच नसायचं. सवाल नाही, आठवण म्हणून लिहिलं. — धरमपेठेतले एक काका

काका, तुम्ही नेमक्या वेळेला तिथं होते. रिकी मोठा झाला तोच ओकलंडमध्ये, शाळा तिथलीच, १९७६ ला तिथल्याच टीमनं त्याला उचललं, शाळेत तो फुटबॉलही जबरदस्त खेळायचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पण आईनं बेसबॉलच खेळ म्हटलं. जून १९७९ ला पहिली मॅच, आणि पुढच्याच वर्षी १०० बेस, जुन्या काळच्या टाय कॉबचा ९६ चा १९१५ पासूनचा अमेरिकन लीगचा (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) रेकॉर्ड गेला. तेव्हाचा मॅनेजर बिली मार्टिन त्याला मोकळा सोडायचा. १९८४ च्या शेवटी त्याला न्यूयॉर्कला पाठवलं, १९८९ ला परत आला आणि त्याच वर्षी ओकलंडनं वर्ल्ड सीरिज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली, ज्या सीरिजच्या मधातच भूकंप आला होता ती.

माणूस घमेंडी होता. रेकॉर्ड मोडल्यावर मीच सगळ्यात मोठा म्हणाला. त्याच दिवशी पिचर नोलन रायननं सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे मॅचभर समोरच्यांना एकही हिट दिला नाही, आणि कसा गुपचूप घरी गेला. एवढं कौतुक कशाचं करून राहिले तुम्ही लोक? — इतवारी

१ मे १९९१, बरोबर. तिसरा बेस चोरला, कारकिर्दीतले ९३९ झाले, ब्रॉकचे ९३८ मागे पडले. बेसच उपटून डोक्यावर धरला आणि माइक हातात घेतला. लू ब्रॉक हा बेस चोरण्याचं प्रतीक होता पण आज मी सर्वकाळचा ग्रेट आहे, असंच म्हणाला. पण त्याच भाषणात देवाचे, आईचे, टीमवाल्यांचे, बिली मार्टिनचे आभारही मानले होते, ते कोणी दाखवत नाही. आणि ब्रॉक स्वतः तिथंच मैदानात उभा होता. चुकीचं काय बोलला तो? आकडा त्याच्याच बाजूनं होता ना. रायन मोठाच, पण एकानं मान खाली घातली म्हणून दुसऱ्यानंही घालायची असा काही नियम नाही. मला तर तो दिवस दोघांचाही आवडतो.

माझा मोठा भाऊ म्हणते, हा नुसता पळायचा, बॅटिंगमध्ये काही दम नव्हता. — प्रतापनगर

हाच सवाल मला खरा महत्त्वाचा वाटते, कारण पेपरात सगळीकडे त्याला चोरच लिहून राहिले आणि तिथंच लोकांची गफलत होते. तुमच्या भाऊला एकच आकडा सांगा, २२९५. एवढे रन त्यानं केले, म्हणजे एवढ्या वेळा चारही बेस फिरून आला, अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये आजपर्यंत एवढे कोणाचेच नाहीत. बेसबॉलमध्ये मॅच रननं जिंकतात, चोरलेल्या बेसनं नाही. चोरी हा रस्ता होता, जायचं होतं होमला, म्हणजे बॅटिंग करतात त्या शेवटच्या बेसला.

त्यासाठी आधी पहिल्या बेसवर यावं लागते, आणि तिथंच रिकीची अक्कल दिसते. तो बॅटिंगला एवढा वाकून उभा राहायचा की पिचरला बॉल टाकायला जागाच उरायची नाही, स्ट्राइकची हद्द ही बॅटरच्या उभं राहण्यावरूनच मोजतात ना. चार बॉल बाहेर गेले की फुकटात पहिला बेस. असे २१९० वॉक त्यानं घेतले, २००१ ला बेब रूथलाही मागे टाकलं, नंतर बॅरी बॉन्ड्स पुढे गेला ती गोष्ट वेगळी. मग वॉक, मग दुसरा बेस चोरायचा, मग तिसरा, मग पुढचा कोणी उंच मारून आउट झाला तरी हा पळत होमला. टीमचा एकही हिट नाही आणि स्कोअरबोर्डवर एक रन, समोरच्या टीमचं डोकंच फिरायचं.

दम म्हणाल तर २९७ होम रन आहेत, म्हणजे आपल्याकडच्या सिक्सरसारखे थेट मैदानाबाहेर मारलेले. त्यातले ८१ हे मॅचमधला टीमचा पहिलाच बॅटर म्हणून मारलेले, आपला सेहवाग पहिल्या बॉलपासून सुटायचा ना, तसा मामला, हाही रेकॉर्डच. हिट, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचणं, ३०५५. टाय कॉबचा रनांचा रेकॉर्ड मोडला तो ४ ऑक्टोबर २००१ ला, सान डिएगोकडून, आणि तोही होम रन मारून, आणि होम रन मारल्यावर चालत आलं तरी चालते पण हा पठ्ठ्या घसरत होमवर आला. वय बेचाळीस. तीन दिवसांनी ३०००वा हिट. अमेरिकेतला आकडेवाला बिल जेम्स म्हणायचा की या माणसाचे दोन तुकडे केले तर दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या संग्रहालयात, जातील. भाऊला म्हणा बस्स, अजून काय पाहिजे.

दहा लाखांचा चेक फ्रेम केल्याची आणि हेल्मेटवाल्या दोस्ताची, या गोष्टी खऱ्या का? — सदर

चेकची खरी म्हणून सांगतात. टीमच्या हिशोबात दहा लाख डॉलर जास्तीचे दिसून राहिले होते, शोधलं तर रिकीनं चेक वटवलाच नव्हता, फ्रेम करून भिंतीवर लावला होता. दुसरी मात्र बनवलेली आहे. जॉन ओलेरूड डोक्याच्या जुन्या दुखण्यामुळे फिल्डिंगलाही हेल्मेट घालायचा. गोष्ट अशी फिरते की रिकी त्याला म्हणाला, मागच्या टीममध्येही एक जण असंच घालायचा, आणि ओलेरूड म्हणाला, तो मीच होतो. दोघं टोरंटोला खरंच एकत्र होते, पण हा संवाद टीमच्याच लोकांनी मस्करीत जोडला. मजा येते वाचायला, पण यावरून त्याला बावळट समजू नका, पिचरचा एक-एक इशारा पाठ असणारा माणूस बावळट कसा असेल?

त्याचा रेकॉर्ड मोडेल का कोणी? — रेशीमबाग

२०२३ पासून बेस मोठे केले, १५ इंचाचे १८ झाले, आणि पिचरला रनरकडे पाहिजे तितक्या वेळा वळता येत नाही. चोरी सोपी झाली. त्याच वर्षी रोनाल्ड अकुन्यानं ७३ काढले. आता कोणी दरवर्षी ७० काढले आणि हे वीस वर्षं केलं, तर होतात १४००. तरी सहा कमीच.

भाचा फ्रीमाँटला असतो. मी उन्हाळ्यात चाललो. रिकीचं काही पाहता येईल का? — त्रिमूर्तीनगर

ओकलंडची टीमच आता ओकलंडमध्ये नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या कोलिझियम स्टेडियममध्ये टीमची शेवटची मॅच झाली, पहिला बॉल फेकायला रिकी आणि त्याचा जुना टीममधला पिचर डेव्ह स्टुअर्टला बोलावलं होतं, दोघंही तिथलेच. तीन महिन्यांच्या आत रिकी गेला. २०१७ ला तिथल्या मैदानाला त्याचं नाव दिलं होतं. स्टेडियम बाहेरून पाहता येईल, फ्रीमाँटहून लोकलनं सरळ जाता येते, स्टेशनवरून पूलच आहे. हॉल ऑफ फेममधली त्याची पाटी पाहायची असेल तर कूपरस्टाउनला जावं लागेल, ते न्यूयॉर्क राज्यात, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. २००९ ला लागली, डोक्यावर टोपी ओकलंडचीच आहे. तिकिटाचं भाच्याला आधीच विचारून ठेवा, तिकडे गेल्यावर विषय काढला तर कोणी हो म्हणत नाही.