सांडपाणी शुद्धीकरणाचे तलाव नीट चालले आहेत की नाही, हे कसे तपासायचे आणि निगा काय राखायची?

आधी रंग बघा. शैवालावर चालणारा तलाव गडद हिरवा असायला हवा. तो करडा-काळा पडला किंवा गुलाबी दिसू लागला, तर बहुतेक वेळा त्याच्यावर सेंद्रिय भार (कुजणाऱ्या घाणीचे प्रमाण) जास्त झालेला असतो.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजताना एक चूक हमखास होते. त्यात शैवालही मोजले जाते आणि आकडा फुगतो. म्हणून गाळलेल्या आणि न गाळलेल्या, दोन्ही नमुन्यांची चाचणी करा. विरघळलेला ऑक्सिजन दुपारी भरपूर आणि पहाटे अगदी कमी असतो, त्यामुळे एकाच वेळच्या नोंदीवर विसंबू नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गाळ. लांब काठीला पांढरे टॉवेलचे कापड गुंडाळून ती तळापर्यंत उभी सोडा, थोडा वेळ थांबून हळूच वर काढा. काळ्या डागाची उंची म्हणजे गाळाचा थर. (हे काम नावेतून, लाइफ जॅकेट घालूनच आणि कधीही एकट्याने नाही!) तलावांच्या ओळीतल्या पहिल्या, ऑक्सिजनविना चालणाऱ्या तलावाचा एक तृतीयांश भाग गाळाने भरला की उपसा करायलाच हवा, नाहीतर पाणी पुरेसा काळ थांबतच नाही.

शैवालावर चालणाऱ्या तलावांवरची तरंगती साय आणि काठाचे गवत नियमित काढा, तिथेच डास वाढतात.