विंग, मजला, सदनिका : ॲरे किती सपाट करावा?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहीत आहे. सोसायटीच्या ॲरेमध्ये (क्रमवार यादीत) विंगांचे ॲरे, त्यांत मजल्यांचे आणि मजल्यांत सदनिकांच्या [101, 650] अशा जोड्या आहेत : क्रमांक व चौरस फूट. आतले थर काढून ॲरे सपाट करणारे तयार फंक्शन फ्लॅट() वापरल्यावर मजल्यांचे कप्पे तसेच राहतात आणि फ्लॅट(इन्फिनिटी) केल्यावर सगळे आकडे एका रांगेत येतात. स्वतःचे फंक्शन लिहावे का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुमच्या कामाला तयार फंक्शन पुरेसे आहे, त्याला खोली, म्हणजे किती थर काढायचे ते, मात्र नेमकी सांगावी लागेल. कंसात काही न दिल्यास ते एकच थर, म्हणजे विंगांचा, काढते. इन्फिनिटी दिल्यास सदनिकेची जोडीही ॲरेच असल्यामुळे तीसुद्धा फुटते आणि 650 हा क्रमांक की क्षेत्रफळ, हे ओळखता येत नाही. तुम्हाला फ्लॅट(2) हवे आहे.

तेवढ्याने बिले मात्र बरोबर येणार नाहीत, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. 101 क्रमांकाची सदनिका ‘अ’ विंगमध्येही असते आणि ‘ब’ विंगमध्येही. विंगांचा थर काढला की दोघींना वेगळे ओळखण्याची खूणच उरत नाही, कारण ती खूण आकड्यांत नव्हे तर त्यांच्या जागेत होती. म्हणून सपाट करण्यापूर्वी मॅप (प्रत्येक घटकावर तेच काम करून नवा ॲरे देणारे फंक्शन) वापरून प्रत्येक जोडीत विंगचे नाव घालावे, [‘अ’, 101, 650] असे, आणि मगच फ्लॅट(2) चालवावे.

सरावासाठी स्वतःचे फंक्शन जरूर लिहावे : घटक ॲरे असेल आणि खोली शिल्लक असेल, तर खोली एकाने कमी करून फंक्शनने स्वतःलाच बोलवावे, नसेल तर घटक निकालाच्या यादीत टाकावा. ते सर्व ॲरेंच्या प्रोटोटाइपला (ज्यातून प्रत्येक ॲरेला त्याची फंक्शने मिळतात त्याला) मात्र जोडू नये. मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) ‘फ्लॅटन’ तसे जोडले होते. तेच नाव भाषेत आणल्यास जुनी संकेतस्थळे मोडतील, हे 2018 मध्ये लक्षात आले, आणि भाषेच्या 2019 च्या प्रमाणित आवृत्तीत ‘फ्लॅट’ हे नाव आले.

बिल्डरच्या ताब्यातील सदनिकेची जागा तुम्ही दोन स्वल्पविरामांमध्ये कोरी सोडली असेल, तर तिथे नल (‘इथे काही नाही’ असे सांगणारे मूल्य) लिहावे. फ्लॅट कोऱ्या जागा गाळते, नल गाळत नाही. फक्त विंगचे नाव घालताना नल तपासून तसाच पुढे जाऊ द्यावा.