परदेशातल्या संपकऱ्यांना ऑनलाइन पाठिंबा देऊन खरंच काही होतं का?

होतं, पाठिंबा पडद्याबाहेर पोचला तर. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचंच बघा. सप्टेंबर १९९५ मध्ये दुसऱ्या कामगारांनी निषेध म्हणून दारावर धरलेला पहारा (पिकेट) ओलांडून कामावर जायला नकार दिला, म्हणून सुमारे ५०० जणांना काढून टाकलं. इंटरनेट तेव्हा नवखं होतं, तरी ईमेलवरून बातमी जगभरच्या बंदरांत गेली. १९९७ मध्ये लिव्हरपूलच्या त्या गोदी कंपनीशी संबंधित माल घेऊन ‘नेपच्यून जेड’ जहाज अमेरिकेतल्या ओकलंडला लागलं, तर तिथल्या गोदी कामगारांनी माल उतरवला नाही. मग व्हँकुव्हर, योकोहामा, कोबे इथेही नकारच! जानेवारी १९९८ मध्ये लढा थांबला, जुन्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी संपकऱ्यांच्या युनियनला विचारा: पत्रं कोणाला पाठवायची, पैसे कुठे, त्या कंपनीचा माल आपल्याकडे कुठे येतो?